छोटी इलेक्ट्रिक गाडी घराला पुरते का? आधी मीटरपेटी बघू

चोपड्याहून एका ताईंनी विचारलंय. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, शाळा अडावदच्या बाजूला. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, सध्या स्कूटीवर. मिस्टर शेती बघतात, त्यांच्याकडे मोटारसायकल. घरात सासू-सासरे आणि दोन मुलं. सासऱ्यांना महिन्यातून एक-दोनदा जळगावला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. माहेर शहाद्याचं. आता पहिलीच चारचाकी घ्यायची आहे, बजेट आठ-नऊ लाख. शोरूमवाला म्हणतो, एका चार्जिंगमध्ये ३०० किलोमीटर. मिस्टर म्हणतात, आपल्याकडच्या उन्हात बॅटरी जळेल, आणि लाईट गेली की गाडी नुसती दारात शोभेला. तर घ्यावी की नाही?

ताई, मी जळगावात ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करतो. सेल्फ आणि डायनमो भरण्यापासून सुरुवात केली. आता निम्मा वेळ लोकांच्या घरी चार्जिंग पॉइंट बसवण्यात आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या तक्रारी बघण्यात जातो. तुमच्या रोजच्या चाळीस किलोमीटरला छोटी इलेक्ट्रिक गाडी आरामात पुरते, त्यात मला शंका नाही. फक्त गाडी कोणती हे ठरवायच्या आधी तुमच्या घराची मीटरपेटी, वायरिंग आणि अर्थिंग बघायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी तिथून सुरू होतात.

पण आधी तो ३०० चा आकडा निकाली काढू. कंपनी सांगते ती रेंज प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाने चालवून मोजलेली असते. टाटाची टियागो इलेक्ट्रिक २०२२ मध्ये आली तेव्हा २४ युनिटच्या बॅटरीवर ३१५ किलोमीटर सांगितले गेले. पुढे मोजायची पद्धत कडक झाली आणि त्याच बॅटरीचा आकडा २९३ वर आला. गाडी तीच, बॅटरी तीच. म्हणून आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही. आपला हिशेब आपण करायचा.

मी गिऱ्हाईकाला असा हिशेब सांगतो. बॅटरी किती किलोवॉट-अवरची आहे ते विचारा. एक किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या लाईटबिलातलं एक युनिट. घरची माणसं बसलेली, एसी चालू, रस्ता आपल्याकडचा, वेग सत्तर-ऐंशी, असं धरलं तर एका युनिटवर साडेसहा किलोमीटर पक्के समजा. गावातल्या गावात हळू चालवली तर आठही मिळतील. चौपदरी रस्त्यावर शंभरच्या वर पळवली तर सहाच्या खाली याल. मग त्यातला पाचवा हिस्सा शिल्लक म्हणून बाजूला काढा, कारण बॅटरी कोणी शून्यावर आणत नाही, आणू पण नये.

आता हे तुमच्या कामाला लावू. चोपडा ते जळगाव जाऊन-येऊन, शहरातलं फिरणं धरून, ११०-११५ किलोमीटर. २४ युनिटच्या गाडीला शिल्लक सोडून साधारण १२५ मिळतात, म्हणजे जळगाव होतं. १९.२ युनिटच्या गाडीला शंभर मिळतात, म्हणजे परत येताना धरणगावच्या पुढे तुमचा डोळा रस्त्यावर कमी आणि टक्क्यांवर जास्त. एमजीची कॉमेट १७.३ युनिटची, तिला नव्वद. तिला सार्वजनिक चार्जरवरच्या डीसी फास्ट चार्जिंगची सोयही नाही, त्यामुळे जळगावात दवाखान्याबाहेर तास-दोन तास वेळ असूनही तो फारसा उपयोगाचा नाही. सासऱ्यांचं जळगाव तुमच्यासाठी ठरलेलं काम आहे. तेव्हा २४ युनिटच्या खाली उतरू नका. शोरूममध्ये पैसे वाचवायला लहान बॅटरीची गाडी दाखवतील, तिथे हात आखडता घेऊ नका.

आता मीटरपेटी.

या गाड्यांसोबत एक चार्जिंग केबल येते, ती १५ अँपिअरच्या पॉवर प्लगला लागते. लोकांना वाटतं, गिझर चालतो त्या प्लगवर गाडीही चालेल. गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि कटऑफ होतो. गाडी त्याच प्लगमधून सलग सात-आठ तास अडीच-तीन किलोवॉट ओढते. बोर्डाच्या मागे वायरमनने दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) वायर टाकलेली असते, स्क्रू ढिला असतो, आणि पहिल्या आठवड्यातच प्लगची पिन काळी पडते. मी कोणाच्याही घरी गेलो की आधी प्लग काढून पिना बघतो. पिन तपकिरी झालेली दिसली, प्लास्टिकला हलका वितळल्याचा वास आला, तर त्या दिवसापासून तो पॉइंट बंद.

करायचं काय? मीटरपासून थेट वेगळी लाईन ओढायची. तांब्याची ४ एमएम वायर, अंतर वीस मीटरच्या पुढे असेल तर ६ एमएम. तिला स्वतःची २० अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच). सॉकेट चांगल्या कंपनीचं, शक्यतो औद्योगिक प्रकारचं, घट्ट बसणारं. या लाईनवर दुसरं काहीही नाही, पाण्याची मोटर पण नाही. आणि मंजूर भार बघा, तो बिलावर लिहिलेला असतो. जुन्या घरांना एक-दोन किलोवॉट मंजूर असतो, त्यात गाडी बसत नाही. भार वाढवायचा अर्ज महावितरणच्या ॲपवरून किंवा ऑफिसात करता येतो, घरगुती मीटरवर गाडी चार्ज करायला मनाई नाही.

अर्थिंगवर जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित तेच आहे. कित्येक घरांत तिसरी पिन असते पण तिच्या मागे काही नसतं. पंखा, टीव्ही, फ्रिज बिचारे तसेच चालतात, म्हणून कोणाला कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय चार्जिंग सुरूच करत नाही. लाल दिवा लागतो, आणि माणूस शोरूमला फोन करतो की गाडी खराब निघाली. गाडी शहाणी असते, घर कच्चं असतं. मी मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघतो. दोन-तीन व्होल्ट असेल तर ठीक. पंधरा-वीस दिसलं की अर्थिंगचा खड्डा नव्याने करावा लागतो: पाइप किंवा प्लेट, कोळसा, मीठ, आणि वरून पाणी घालायला नळी.

ही नळी नुसती दाखवायला नसते. आपली काळी जमीन पावसाळ्यात अर्थिंगला उत्तम, पण एप्रिल-मे मध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि अर्थिंग सुकतं. दिवाळीला बसवलेला पॉइंट फेब्रुवारीपर्यंत निर्धोक चालतो, आणि अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर लाल दिवा दाखवतो. अशा वेळी मी फोनवर पहिलं सांगतो, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि तासाभराने बघा. बऱ्याचदा मला जावंच लागत नाही.

इथे एक वाईट जुगाड आहे, तो तुमच्या घरी कोणाला करू देऊ नका. अर्थिंग नसलं की काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या पिनला जोडून देतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. ज्या दिवशी खांबावरची न्यूट्रल तुटेल त्या दिवशी गाडीच्या पत्र्यात करंट येईल, आणि लहान मुलं आधी गाडीलाच हात लावतात.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या भागातली. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला असतो. ओसरीत, पडवीत, कधी पुढच्या खोलीत छताला लागेपर्यंत. त्याच पडवीत गाडी आणि त्याच भिंतीवर सॉकेट, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. असं अजिबात नको. बॅटरी पेटेल म्हणून म्हणत नाही, त्याची शक्यता फार कमी. पण ढिल्या प्लगवर ठिणगी पडू शकते, आणि कापसाला तेवढीच लागते. कापूस असेल तितके महिने गाडीचा पॉइंट अंगणाकडच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला. शिवाय कापूस आणि धान्य म्हटलं की उंदीर आलेच, आणि उंदरांना गाडीची वायर फार आवडते. पेट्रोल गाडीची वायर कुरतडली तर शेपाचशेत काम होतं. इथे जाड नारिंगी केबल असते, तिला आमच्यासारख्यांनी हात लावायचा नसतो, कंपनीतच जावं लागतं.

आता मिस्टरांचं म्हणणं. संध्याकाळी गावात कोणी भेटलं की "लाईट ऊनी का?" (लाईट आली का?) हा आपला रामराम झालाय, त्यामुळे शंका रास्त आहे. पण आकडे बघा. चाळीस किलोमीटरला बॅटरीतून सहा युनिट जातात. मीटरवर सात धरा, कारण चार्जिंगमध्ये थोडं वाया जातं. तीन किलोवॉटने ते अडीच तासांत भरतं. चोवीस तासांत अडीच तास लाईट तर चोपड्यात राहतेच. आणि रोज भरावंच असंही नाही, पूर्ण भरलेली गाडी तुमची तीन दिवसांची शाळा काढते. मी सांगतो ती सवय एवढीच: घरी आलात की लगेच लावू नका, रात्री झोपताना लावा, सकाळी काढा. तेव्हा व्होल्टेजही बरं असतं. संध्याकाळी सात ते दहा सगळ्या गावाचे कूलर चालू असतात, डीपीवर ताण असतो, व्होल्टेज फार पडलं की चार्जर मधेच थांबतो.

खरी अडचण असते ती मे अखेर ते जून. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात वादळ आलं की केळी आडव्या होतात आणि त्यांच्यासोबत खांबही. मग एक-दोन दिवस लाईट नाही. त्या काळात गाडी साठ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे रात्री कोणाला जळगावला न्यायची वेळ आली तर निदान जायची सोय राहते.

शेतातल्या कनेक्शनवर गाडी चार्ज करायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडाचं बिल येतं. सौर पंपाच्या कंट्रोलरला गाडी जोडू का, असंही विचारणारे भेटतात. नका जोडू. तो पंपासाठी बनवलेला आहे, गाडी त्याला स्वीकारणार नाही आणि स्वीकारली तर दोघांपैकी एक जाईल.

उन्हाचं. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, भुसावळकरांना तर विचारूच नका. बॅटरीला उष्णता आवडत नाही हे खरंच आहे, पण "जळेल" हा शब्द जास्तीचा झाला. यात दोन गोष्टी बघायच्या. एक, पेशी कोणत्या. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, या उष्णतेला जास्त सोशिक असतात आणि रोज शंभर टक्के भरल्या तरी फारशा कुरकुरत नाहीत. दुसरी, थंड कशाने होते. पाणी-कूलंट फिरणारी बॅटरी आपल्या हवेत घ्यावी, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारी टाळावी. टियागोची बॅटरी लिक्विड कूल्ड आहे. सिट्रोएनची ईसी३ बॅटरीने मोठी, २९.२ युनिटची, पण एअर कूल्ड. पुण्या-नाशकात चालून जाईल, जळगाव-धुळ्यात मी सुचवत नाही. कंपन्या साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरी वॉरंटी देतात, ती कागदावर नीट वाचून घ्या.

बाकी तुमच्या हातात आहे ते इतकंच. शाळेच्या आवारात कडुनिंब असेल तर गाडीची जागा त्याच्याखाली. जळगावहून भर दुपारी आलात तर लगेच चार्जिंगला लावू नका, दोन-तीन तास जाऊ द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर पूर्ण भरून ठेवू नका, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा. आणि उन्हात तापलेल्या गाडीचा एसी पहिली दहा मिनिटं भरमसाट खातो, तेव्हा आधी चारही काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या. उन्हाळ्यात रेंज दहा-पंधरा टक्के कमी दिसली तर घाबरू नका. वर साडेसहाचा जो हिशेब दिला त्यात ते धरलेलं आहे.

पैशांचं बोलू. लोक इलेक्ट्रिकची तुलना पेट्रोल कारशी करतात. तुमची तुलना स्कूटीशी झाली पाहिजे, कारण आज तुम्ही तिच्यावर जाता. महिन्याला बावीस दिवस शाळा धरली तर ८८० किलोमीटर. स्कूटीला लिटरमागे ४५ आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दोन हजारांच्या थोडं वर. पेट्रोल कार सतराचा ॲव्हरेज देईल, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास. इलेक्ट्रिकला मीटरवर दीडशे युनिट.

या दीडशे युनिटांचा भाव काढताना बहुतेक जण चुकतात. बिलातला सरासरी दर धरायचा नाही. महावितरणचे टप्पे आहेत: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढे आणखी महाग. गाडीची युनिटं सगळी वरच्या टप्प्यात पडतात. तुमच्या घराचं बिल आज १३० युनिटचं असेल तर गाडी धरून २८०. वहन आकार आणि वीज शुल्क धरून ती दीडशे युनिटं तेरा रुपयांच्या आसपास पडतील, म्हणजे दोन हजार. स्कूटीचं पेट्रोल गाडीच्या विजेत गेलं, एवढाच फरक. मात्र घरात एसी असेल आणि बिल आधीच ३०० च्या पुढे असेल तर दर पंधराच्या वर चढतो. तरी पेट्रोल कारच्या निम्म्याच्या आतच राहाल.

छतावर सोलर असेल तर गणितच बदलतं. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किलोवॉट किंवा त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्याकडे ऊन भरपूर, एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. दिवसा गाडी शाळेत उभी असली तरी हरकत नाही, नेट मीटरवर युनिट जमा होतात आणि रात्री वापरता येतात. गाडी आणि सोलर दोन्ही घ्यायचं मनात असेल तर सोलर आधी बसवा, म्हणजे वाढीव भाराचं काम त्याच फेरीत होतं.

गाडीच्या किमतीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच होता. म्हणजे पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या आणि इलेक्ट्रिकचा फरक परत रुंदावला. उलट बाजूने, महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला मोटार वाहन कर माफ आहे, पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के पडतो. सहा लाखांच्या गाडीवर ते ६६,००० झाले. सगळं धरून ऑन-रोड फरक काढा, आणि त्याला चारने भागा, कारण किलोमीटरमागे जवळजवळ चार रुपये वाचतात. फरक दोन लाख निघाला तर ५०,००० किलोमीटरला बरोबरी. तुमचे महिन्याला हजारभर होतील, म्हणजे चार वर्षं आणि वर थोडे महिने. हे चांगलं आहे. महिन्याला तीन-चारशेच किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र मी सरळ सांगतो, पेट्रोलच घे. त्याचे पैसे निघेपर्यंत गाडी जुनी झालेली असेल.

बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनेची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. २०२४ मध्ये कॉमेट ४.९९ लाखांना आणि वर किलोमीटरला अडीच रुपये अशी आली होती. किंमत वाचून डोळे चमकतात. अडीच रुपये भाडं आणि दोन-सव्वादोन रुपयांची वीज मिळून पावणेपाचच्या घरात गेलात, मग पेट्रोलच्या तुलनेत उरलं काय? गाडी भरपूर फिरवणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

आता माणसं आणि सामान. तुम्ही दोघं, सासू-सासरे, दोन मुलं म्हणजे सहा. पाच सीटच्या कुठल्याच छोट्या गाडीत हे कायदेशीर बसत नाही, पेट्रोल असो की बॅटरी, पण मुलं लहान असेपर्यंत आपल्याकडे ते कसं बसतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी सुचवणार नाही. कॉमेटला दोनच दारं आणि चार सीट. मागे जायला पुढची सीट वाकवून अंग चोरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही, सासऱ्यांसाठी तर प्रश्नच मिटला. शहरात एकट्या-दुकट्याला ती झकास आहे, पार्किंगला तर हातभर जागा पुरते. टियागोची डिकी २४० लिटर, दोन बॅगा आणि माहेराहून दिलेला दादर ज्वारीचा एक कट्टा (पोतं) आडवा बसतो. बजेट थोडं ताणता आलं तर टाटाचीच पंच इलेक्ट्रिक बघा: डिकी ३६६ लिटर, बसायला उंच, म्हाताऱ्या माणसाला चढायला-उतरायला सोपी. चोपडा-शिरपूर-शहादा या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचे खड्डे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, तेव्हा जमिनीपासूनची उंची इथे खरंच कामाची. पंच इलेक्ट्रिकमध्येही लहान बॅटरीचा प्रकार मोठ्याच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त असतो; तो २४ युनिटच्या खाली नाही, म्हणून तुम्हाला पुरतो.

स्टेपनीचं आवर्जून विचारा. या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांत ती बहुधा नसते, पंक्चरचं किट देतात. शेताच्या बांधावर बाभळीचा काटा गेला तर किटने भागतं. टायर कडेने फाटलं तर नाही. मिस्टर गाडी शेतात नेणार असतील, आणि ते नेणारच, तर वेगळी स्टेपनी विकत घ्या आणि लांब जाताना डिकीत टाका. गाडी बंद पडलीच तर दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढू नका. पुढची चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतली यंत्रणा बिघडते. सपाट टेम्पोवर चढवूनच न्यायची.

आणि बारा व्होल्टची साधी बॅटरी. लोकांना माहीतच नसतं की इलेक्ट्रिक गाडीतही ती असते, दिवे, लॉक, कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. ती बसली की मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली असून गाडी उठत नाही. आपल्या उन्हात ती अडीच-तीन वर्षांत दम तोडते. "नवी गाडी अचानक मेली" म्हणून येणाऱ्या फोनांत मी आधी तीच तपासतो.

माहेराचं राहिलं. शहादा शंभरच्या आसपास, एकेरी. २४ युनिटमध्ये तुम्ही तीसेक टक्के शिल्लक ठेवून पोहोचता, पण त्याच दिवशी परत येता येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही मुक्कामालाच जाणार, त्यामुळे रात्रभर माहेरच्या प्लगवर लावली की झालं. फक्त जायच्या आधी भावाला सांगून तिथलं अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर ऐन सणात लाल दिवा. एका दिवसात परतायचं असेल तर शिरपूरला थांबून चार्जिंग करावं लागेल. फास्ट चार्जरवर दहाचे ऐंशी टक्के व्हायला तासभर लागतो, दर घरच्यापेक्षा दीड-दोन पट. आणि निघायच्या आधी तो चार्जर खरंच चालू आहे का हे ॲपवरच्या ताज्या नोंदीतून बघा. नकाशावर हिरवा ठिपका आहे आणि जागेवर केबल तुटलेली आहे, हे नेहमीचं.

वणीच्या गडावर वर्षातून एकदा जायचं, पुण्याला मुलाच्या ॲडमिशनला जायचं, असल्या कामांसाठी गाडीची निवड करू नका. त्या दिवशी भाड्याची गाडी करा किंवा ट्रॅव्हल्सने जा. वर्षाला चार-पाच हजार जातील, ते पेट्रोल कारच्या मानाने होणाऱ्या बचतीतून दोन महिन्यांत निघतात. पण तुमच्या घराचं एक बघावं लागेल. चोपड्याला रेल्वे नाही. रात्री-अपरात्री कोणाला जळगावहून पुढे संभाजीनगरला किंवा नाशिकला हलवायची वेळ आली तर शेजारी-भाऊबंदांकडे गाडी आहे का, हाक मारली तर येईल का? बहुतेक घरांना येते. ज्यांना येत नाही, ज्यांची ही एकमेव गाडी आणि घरात वारंवार लांबच्या दवाखान्याचं आजारपण आहे, त्यांना मी अजून पेट्रोल-सीएनजीकडेच पाठवतो. सासऱ्यांचं दुखणं जळगावात निभावतंय असं तुमच्या पत्रावरून दिसतं, म्हणून तुम्हाला होय म्हणतोय.

तेव्हा माझा सल्ला: २४-२५ युनिटची, चार दारांची, कूलंटवाली गाडी. स्कूटी विकू नका, बाजारहाटाला तीच सोयीची. बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी चांगल्या वायरमनला बोलावून वेगळ्या लाईनचा आणि अर्थिंगचा खर्च काढून घ्या. चोपड्यात नव्या घराला दहा-बारा हजारांत होईल, जुन्या वाड्याला जास्त. टेस्ट ड्राइव्ह सकाळी शोरूमभोवती नको. दुपारी दोनला, सासू-सासऱ्यांना मागे बसवून, एसी लावून, तापीच्या पुलापर्यंत जाऊन या आणि किती टक्के गेले ते लिहून ठेवा.

तुम्ही पगारदार म्हणून एक शेवटचं: इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला कलम ८०ईईबी खाली दीड लाखांची करसवलत होती, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. काही सेल्समन अजून ती हिशेबात धरून हप्ता कमी दाखवतात. त्यांच्या कागदावर ती ओळ दिसली तर खोडून परत बेरीज करायला सांगा.